एकास एकशेवीस

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेघांवर
हार्टमूट ब्राट्कानं गाव मांडलंय.
बोल्टांनी जोडलेल्या अकरा फळ्या,
बारा मिलिमीटर रुंदीचे रूळ
आणि मधोमध रोहोव,
जे एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये
खालच्या कोळशासाठी उपसून काढलं,
चर्चसकट, तळ्यासकट, दफनभूमीसकट.

माझ्याकडे भिंतीलगतचं टेबल:
पत्र्याची जुनी खेळणी, किल्लीची इंजिनं,
हात लावू नका अशी पाटी
आणि पाटीखाली मुलांचे हात.
चावी मीच देते. हिरवं इंजिन चार फूट धावतं,
मग काहीतरी आठवल्यासारखं
थांबतं.

गर्दी मात्र तिकडे.
काठ्या टेकत, चष्मे बदलत
रोहोवची माणसं वाकून रोहोव बघताहेत.
"हे आमचं छप्पर."
"तुमचं नाही, शुस्टरांचं. तुमचं लाल होतं."
"लाल नंतर केलं."
हार्टमूट गप्प. चाळीस वर्षं सिग्नल दुरुस्त केलेला माणूस,
त्याला दोनच उत्तरं येतात:
जाऊ द्या,
आणि थांबा.

साडेअकराला वोर्शा काव्लिक आली,
कॉटबुसहून, भाचीच्या मोटारीनं.
कोट न काढताच उभी राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, नासपतीचं झाड चुकलंय.
विहिरीच्या अलीकडे नव्हतं, पलीकडे होतं.
मी पडलेय त्यावरून, मला नका सांगू.

कोणी म्हणालं, फोटोत तर अलीकडेच दिसतं.
फोटो उलटा छापला असेल.
कोणी म्हणालं, झाडं दोन होती.
वाद सुरू झाला जर्मनमध्ये
आणि तापत गेला तसा सोर्बीत शिरला.
ही भाषा मी आईच्या तोंडून ऐकली होती,
तीही फोनवर, दार लोटून घेतल्यावर.
इतक्या तोंडांतून एकदम, मोठ्यानं,
आजच.

हार्टमूटनं चिमटा घेतला, झाड उपटलं.
प्लास्टरमध्ये सुईएवढं भोक राहिलं.
पलीकडे नवं भोक पाडलं, गोंदाचा थेंब, झाड.
वोर्शा वाकली.
आता बरोबर, म्हणाली,
पण पडेल आवाजात,
जणू भांडण एवढ्यात संपायला नको होतं.

एका मुलानं विचारलं, गाडी बोगद्यात जाऊन करते काय?
आमचा मुलूख ताटासारखा सपाट, बोगदा कुठला?
ही एवढीच थाप, हार्टमूटनं कबूल केलं.
गाडीला वळायला जागा लागते,
आणि वळताना ती दिसलेली बरी नाही.
काळा पडदा सारून त्यानं दाखवलं:
उघडी फळी, वायरींचं जंजाळ,
ओळीनं उभ्या नऊ गाड्या.
तिथं गाव नाही, गवताचा भुसासुद्धा नाही.
मुलगा म्हणाला, हे जास्त भारी आहे.

रविवारी पाचला मेन स्विच खाली.
घरांतले दिवे एकेक करून नाही,
एकदम गेले.
आम्ही बोल्ट काढले, ब्लँकेटं पसरली.
प्रत्येक फळीच्या पाठीवर नंबर,
कुठली कुणाला जोडायची त्याचा लाल बाण.
सातव्या फळीवर, बेकरीच्या मागे,
निळ्या दाराचं घर माझ्या आईचं.
मी त्या गावात कधीच गेले नाही.
मी जन्मले तेव्हा तिथं खड्डा होता, आता पाणी आहे,
उन्हाळ्यात लोक होड्या घेऊन जातात.
एक टोक हार्टमूटनं धरलं, दुसरं मी.
हलकी होती.

ट्रेलर गेला.
फरशीवर हिरवा भुसा सांडलेला,
थेट तीन गुणांच्या रेघेपर्यंत.
उद्या सकाळी इथं सातवीचा तास.
शाळेच्या शिपायाला मी विचारलं,
झाडू कुठं असतो तुमच्याकडे?